आर्चीनं पट्टा ओळखला

माझी बहीण एफी भलती हट्टी. यंदा हेदरच्या झुडपांच्या माळावर भोवत्याच्या जोडीनं घरटं केलं, आमच्या खोऱ्यात कित्येक वर्षांनी, आणि तिनं ठरवलं की पिल्लं उडेपर्यंत या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. भोवत्या म्हणजे शिकारी पक्षी, ग्राऊस नावाच्या रानकोंबड्यांची पिल्लं उचलतो. आणि ग्राऊसच्या शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांवर अर्ध्या गावाची चूल पेटते. घरटं कळलं की कुणाचा तरी बूट त्यावर पडणारच.

जागा तिनं मलाही सांगितली नाही. "तुझ्या पोटात तीळ भिजत नाही, रॅनल्ड," म्हणाली. घ्या! सख्ख्या भावाला!

लांबवर जळणाची पीट माती खणलेल्या खड्ड्यात पालथं पडून, चिलटांकडून फोडून घेत तिनं फोटो काढला. राखाडी नर वरून उंदीर सोडतोय आणि तपकिरी मादी हवेतच उलटी होऊन तो झेलतेय. माझ्यासारख्या तिरसट माणसाचेही डोळे भरून आले. गावच्या सभागृहात प्रदर्शन होतं, तिला मोह आवरला नाही. पण खबरदारी केवढी! फोटोतून ओढा कापला, दगडांची रास कापली. मागे उरला नुसता उतार, आणि उतार इथं सगळे सारखेच, असं आम्हांला वाटलं.

माळाचा राखणदार आर्ची चहाचा कप घेऊन फोटोपुढे उभा राहिला. माणूस वाईट नाही. ग्राऊसला कोवळा पाला मिळावा म्हणून दरसाल हेदर पट्ट्यापट्ट्यानं जाळायचं हे त्याचं काम, आणि त्या कामाचा त्याला कोण अभिमान!

"अरे, हा तर माझा पट्टा!" तो ओरडला. "वारा फिरला आणि आग अशी वाकडी गेली, हे बघा शेपूट! काळ्या ओढ्याच्या वरचा उतार. पैज लावा!"

सभागृह गच्च भरलेलं. सगळ्यांच्या माना वळल्या.

"तोंड आवर, आर्ची," मी म्हणालो.

"का रे बाबा? कौतुकच तर करतोय तिचं!"

गाढवा, तुला बडवावं की आपणच रडावं!

मग धुकं उतरलं, ते हटेना. हटल्यावर एफी मला घेऊन माळावर गेली. आता लपवायचं काय राहिलं होतं? दुर्बिणीतून घरट्याची जागा दिसली. हेदर तुडवून सपाट केलेलं. पिल्लं नाहीत, मादी नाही. कुणी केलं? कुणाचं नाव घ्यायचं? सगळं गावच तर सभागृहात होतं. माझा संताप संताप झाला, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

तेवढ्यात नर आला. पायात उंदीर. घरट्यावर घिरट्या घालत तो मादीला हाका मारायला लागला. ती वर येईना. तो टेकडीपलीकडे गेला, फिरून आला, पुन्हा हाका. कॅमेरा एफीच्या गळ्यात तसाच लोंबत होता.

"चल गं, घरी जाऊ," मी म्हणालो.

ती हलली नाही.

"तो बोलावतोच आहे रे," ती म्हणाली. "त्याला आता सांगायचं कुणी?"