तारेविना टेलिफोन

मित्रांनो, मी पनवेलमधला एक जुना काळा टेलिफोन आहे आणि मला घडीभर स्वस्थता नाही. पूर्वी एका कचेरीत मी दिवसभर खणखणत असे. मग बटणांचे फोन आले आणि मला भंगारात काढलं. तिथून १९९१ साली मी एका करिअर कॉलेजात आलो. खाली किराणा दुकान, वर दोन खोल्या, आणि तिथे हॉस्पिटलचं कामकाज शिकवत. फोनच्या जोडणीसाठी नंबर लावला होता, पण तो काही लागेना. म्हणून मला तारेविनाच टेबलावर बसवलं.

शुलामिथ मॅडम जीव ओतून शिकवत, पण घाई फार. मुलींनी रिसीव्हर कानाला लावायचा आणि एका दमात म्हणायचं, “नमस्कार, डॉक्टर दहा ते एक भेटतात, पेशंटला घेऊन या, धन्यवाद.” पलीकडे कुणी नाहीच, मग थांबायचं कुणासाठी? मी आतल्या आत चरफडायचो. अहो, फोन काय एकट्याने बोलायची वस्तू आहे?

त्यात सगळ्यांत फर्डी शुक्री. कातकरीवाडीतली, आश्रमशाळेत शिकलेली. नोकरी लागली नाही, तर दिवाळीनंतर तिला आईबापांबरोबर वीटभट्टीवर जावं लागणार होतं. एका नर्सिंग होमने तिला काही दिवस कामावर ठेवून बघायचं कबूल केलं. पहिल्याच संध्याकाळी ती तोंड पाडून परत आली.

“मॅडम, कोन गावावरनं एका बाईचा फोन होता. मी धडाधडा बोलले आनी ठेवला. ती काय सांगत होती, ते ऐकलंच नाय. डॉक्टर म्हणाले, परत असं झालं तर येऊ नको.”

मॅडम म्हणाल्या, “तुझं चुकलं नाही. ऐकायचं मी शिकवलंच नाही.”

त्यांनी कपाटाआड खुर्ची ओढली आणि तिथून फोन करणाऱ्यांचं सोंग घेऊन बोलू लागल्या. कधी रडणारी आई, कधी बहिरे आजोबा, कधी नुसताच धापा टाकणारा माणूस. शुक्री मध्येच तोंड घालायची, की मॅडम पुन्हा पहिल्यापासून. माझा जीव टांगणीला लागला होता.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि खांद्यावरची पिशवी न उतरवताच सांगू लागली. “कालच्याच बाईचा फोन आला. सुनेचे दिवस भरलेले. म्हणाली, काल कुणी ऐकून घेतलं नाय. मी म्हटलं, ती मीच होते. आता मी ऐकते, तुमी सावकाश बोला. मग गाडी पाठवली. मुलगी झाली, मॅडम. दोघी बऱ्या हायेत.”

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. शुक्रीला नोकरी मिळाली. भट्टीवर आईबाप गेले, ती गेली नाही.

आता कॉलेजात कॉम्प्युटर आलाय आणि मी धूळ खात पडलोय. येणारीजाणारी मुलं मला उचलून उगाच “हॅलो, हॅलो” ओरडतात. खुशाल ओरडा. पण मित्रांनो, खरा फोन आला, तर आधी पलीकडच्याला बोलू द्या. घाबरलेल्या माणसाला पहिला शब्द सापडायला वेळ लागतो.