एल्मीझची शेवटची प्रार्थना

माझ्या बायकोला, एल्मीझला पुरून आम्ही आवारात परतलो, तेव्हा शेजारच्या क्लेर्सिनाने पाय धुता धुताच बोटं मोजली आणि म्हणाली, "अगं बाई, शेवटच्या प्रार्थनेचा नववा दिवस नाताळच्या आदल्या दिवशीच येतोय."

मी ऐकलं आणि पायांवर पाणी घेतलं. त्या दिवशी मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

आमचं आवार सगळ्यांचं मिळून एकच. मधे आंब्याचं झाड, भोवती घरं, एकच नळ. एका घरात मयत झालं की शेवटची प्रार्थना होईपर्यंत अख्ख्या आवारात गाणं वाजत नाही. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, तसं चालत आलंय. शेजारच्या दियेफॉरचा बाप गेला तेव्हा एल्मीझने आमच्या घरातला रेडिओ उशीत गुंडाळून खाटेखाली ठेवला होता. मी फुटबॉलचा सामना ऐकायला मागत होतो, तर म्हणाली, "बाप मेलाय त्याचा. तुझा गोल उद्या कळेल."

इदालिया, एल्मीझची धाकटी बहीण, डोंगरावरून दफनाला एकटीच पोचली होती. रस्ता वाहून गेलेला, त्यांच्या आईला, माझ्या सासूबाईंना, आणता आलं नाही. निघताना ती माझा हात धरून म्हणाली, "दाजी, नवव्याला मी आईला घेऊन येते. गाढवावर बसवून आणते, पण आणते. तिने लेकीचं तोंड पाहिलं नाही. निदान शेवटच्या प्रार्थनेला तिला 'आमेन' म्हणू द्या. आमच्याशिवाय करू नका."

"नाही करणार," मी म्हणालो.

घरात पांढरी चादर लावून वेदी मांडली. चादर क्लेर्सिनाची होती, आमच्या सगळ्या एल्मीझच्या आजारपणात फाटल्या होत्या. वेदीवर क्रूस, मेणबत्त्या, पाण्याचा पेला. रोज संध्याकाळी सेनविल मास्तर येऊन पाठ म्हणायचे. मास्तर म्हणजे पाद्री नव्हेत, पण आमच्या भागात मेलेल्यांचं सगळं तेच करतात. पहिल्या दिवसांत घर भरलेलं असायचं. मग हळूहळू बाया दारातच उभ्या राहू लागल्या, एक पाय बाहेर. बाहेर पोरं पुठ्ठ्याचे कंदील कापत होती, चर्चच्या आकाराचे, रंगीत कागद लावलेले. एल्मीझ असती तर तिने त्यांना खिडक्या कापून दिल्या असत्या. पोरांच्या खिडक्या वाकड्या येत होत्या.

मग एका सकाळी क्लेर्सिना आणि दियेफॉर दोघं आले. दियेफॉरने माझ्यासाठी कॉफी आणली होती, तेव्हाच मी ओळखलं.

"ओरेलूसदादा, झोप लागली का?"

"नाही."

"कशी लागणार," तो म्हणाला. "हे बघ, माझा भाऊ राजधानीतून येतोय, बायकापोरांना घेऊन. किती वर्षांनी येतोय. त्याला काय मुक्या आवारात बसवू? शेवटची प्रार्थना एक दिवस आधी उरकली तर..."

"नववा दिवस नववाच असतो."

"अरे, देवाला कळतं सगळं."

"देवाला कळतं. तिच्या आईला कळणार नाही."

क्लेर्सिना रुमालाने डोळे पुसायला लागली. तिला रडू लवकर येतं. "एल्मीझ असती तर स्वतःच म्हणाली असती, पोरांचा नाताळ घालवू नका. माझी बहीणच होती ती."

"बहीण डोंगरावर आहे," मी म्हणालो. "ती येईपर्यंत नाही."

दोघं उठून गेले. मला वाटलं, संपलं.

संध्याकाळी पाठ झाल्यावर सेनविल मास्तरांनी मला बाजूला घेतलं. चश्मा पुसत म्हणाले, "ओरेलूस, नाताळच्या आदल्या दिवशी मला येता येणार नाही. चर्चमध्ये फादरनी बोलावलंय, दिवसभर. तुझं त्याच्याही एक दिवस आधी करावं लागेल. नाहीतर मग नव्या वर्षानंतर. आणि तोवर ती बिचारी दारात ताटकळत राहील. तुला चालेल?"

मला कसं चालणार होतं? मी गवंडी माणूस. भिंत सरळ आहे का वाकडी ते मला कळतं, मेलेलं माणूस कुठे ताटकळतं ते मास्तरांना कळतं. मी हो म्हणालो. लगेच बाजारात जाऊन डोंगराकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याला, लुबॅनला, निरोप दिला: इदालियाला सांग, एक दिवस आधी या, आईला घेऊन. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की सांगतो. रस्ता जिथे तुटला होता तिथवरच तो गेला आणि तिथूनच नाताळ करायला परत फिरला, हे मला नंतर समजलं.

नवव्याच्या आदल्या दिवशी मी दुपारपासून फाटकाशी उभा होतो. कोणी आलं नाही. मास्तर आत खाकरत होते.

"थोडं थांबू या," मी म्हणालो.

"लोकांची कामं आहेत, ओरेलूस. मांस मुरवायचंय बायांना."

त्यांनी सुरुवात केली. इतकं भराभर म्हणत होते की प्रत्येक ओळीमागे आम्ही म्हणायचं ते उत्तर द्यायला श्वास पुरत नव्हता. एल्मीझचं नाव आलं आणि गेलं. मग मेणबत्त्या विझवल्या, पेल्यातलं पाणी उंबऱ्याबाहेर ओतलं. वेदी मोडली. क्लेर्सिनाने चादर काढून झटकली, घडी घातली आणि काखेत मारून निघाली. ती दारातून बाहेर पडली न पडली तोच दियेफॉरने गाणं लावलं. मी खाटेवर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आंब्याखाली टेबल मांडलं होतं. त्यावर तीच पांढरी चादर. चादरीवर क्रेमासच्या बाटल्या, नारळाचं दूध आणि रम घालून केलेल्या नाताळच्या गोड दारूच्या. फांद्यांना कंदील टांगले होते. दियेफॉरचा भाऊ आला होता, खूप मोठ्याने बोलणारा माणूस. मला ओढून आणून खुर्चीवर बसवलं होतं. आणि माझ्या समोर, हातात पेला घेऊन, सेनविल मास्तर बसले होते.

"चर्चमध्ये नाही गेलात?" मी विचारलं.

"जायचंय, जायचंय," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

तेवढ्यात फाटकातून गाढव आत आलं.

गाढवावर सासूबाई होत्या, नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला पांढरा रुमाल. इदालियाने दोर धरला होता. मागे त्यांच्या गावच्या दोन बाया, त्याही पांढऱ्यात, हातात मेणबत्त्या. इदालिया कंदिलांकडे बघत उभी राहिली. सासूबाईंना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. त्यांना आवाज ऐकू आले, माणसं आहेत एवढं कळलं.

"बरेच लोक जमलेत की," त्या म्हणाल्या. "बरं झालं. पोरीने माणसं जोडली होती."

दियेफॉरच्या भावाला काहीच माहीत नव्हतं. त्याने पुढे होऊन त्यांच्या हातात पेला दिला. "घ्या आजी!"

सासूबाईंनी पेला दोन्ही हातांत धरला. मेलेल्यांसाठी सांडतात तसे तीन थेंब जमिनीवर सांडले आणि हळूच म्हणाल्या, "एल्मीझ." मग थोडं तोंडाला लावलं आणि थबकल्या. "हे गोड आहे."

मागे गाणं वाजत होतं.

"दाजी," इदालिया म्हणाली, "वेदी कुठंय?"

"मी निरोप पाठवला होता, इदालिया. लुबॅनबरोबर. मास्तर म्हणाले, आज जमणार नाही..."

तिने मास्तरांकडे बघितलं. त्यांच्या पेल्याकडे बघितलं. "जमलं की. इथेच तर आहेत."

मी उठलो. "मास्तर, पुन्हा म्हणा. आत्ता. मी हात जोडतो."

"पुन्हा म्हणता येत नाही रे," मास्तर म्हणाले. "एकदा निरोप दिलेल्याला परत हाक मारली तर त्याचे हाल होतात. तुझ्याच बायकोचं वाईट होईल."

"आणि तिच्या आईची वाट न बघता तिला हाकललंत, त्याने हाल नाही झाले?" इदालिया ओरडली.

"दियेफॉर, गाणं बंद कर," मी म्हणालो.

त्याने भावाकडे बघितलं आणि आवाज कमी केला. बंद नाही केला.

मी सासूबाईंना धरून घरात आणलं. रिकाम्या भिंतीसमोर खुर्ची ठेवून बसवलं. गावच्या बायांनी मेणबत्त्या पेटवून जमिनीवर चिकटवल्या. इदालिया गुडघ्यावर बसली आणि स्वतःच म्हणायला लागली. तिला सगळं येत नव्हतं, येईल तसं म्हणत होती. मी उत्तर देत होतो. सासूबाई ओठ हलवत होत्या. दारात कोणीही आलं नाही. क्लेर्सिना एकदा डोकावली आणि गेली.

थोड्या वेळाने बाहेरचा आवाज पुन्हा चढला. मग कोणी तरी नाचायला लागलं असावं, कारण टाळ्या ऐकू आल्या. इदालियाचे शब्द चुकले. तिने थोडं मागे जाऊन सुरू केलं, पुन्हा चुकले.

सासूबाईंनी हात वर केला. "राहू दे."

"आई, थोडंच राहिलंय."

"राहू दे म्हटलं ना." मग माझ्याकडे तोंड करून विचारलं, "बाहेर कोण वाजवतंय?"

"शेजारी."

"त्यांना माहीत नाही का, आज काय आहे ते?"

"माहीत आहे," मी म्हणालो.

सासूबाई काठी चाचपून उठल्या. "चल इदालिया. वर जाऊन म्हणू. तिथे आपलं कोणी ऐकेल तरी."

मी खुंटीवरची टोपी घेतली. "मीही येतो."

त्या उंबऱ्यावर थांबल्या. आवाज चढवला नाही. "तुम्ही कशाला, जावईबापू? तुमची प्रार्थना काल झाली."

इदालियाने माझ्याकडे बघितलं. वाटलं, ती काही तरी म्हणेल. तिने गाढवाचा दोर सोडवला.

त्या आवारातून जाताना लोक बाजूला झाले, दियेफॉरच्या भावाने टोपीही काढली. फाटकापाशी मी थांबलो. चढावर त्यांचे पांढरे रुमाल बराच वेळ दिसत होते. एकीनेही वळून बघितलं नाही.

मी वळलो तर क्लेर्सिना ताट घेऊन उभी होती. तळलेलं मांस, केळी, भात. डोळे पुसत म्हणाली, "खाऊन घे, दादा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

मी ताट घेतलं, घरात गेलो आणि आतून कडी लावली. जमिनीवरच्या मेणबत्त्या अजून जळत होत्या. त्यांच्यासमोर बसून इदालियाने जिथे सोडलं होतं तिथून म्हणायला लागलो. पण मला फक्त उत्तरंच येतात. मी एक उत्तर दिलं, दुसरं दिलं, आणि थांबलो.