सोनेरी बेडकांचा परवाना

आमच्या पाणथळीकडे पाहिलं की माझ्या धाकट्या भावाला, सोलोला, फक्त भात दिसतो. चर खणायचा, पाणी काढून द्यायचं, वरचं जंगल जाळायचं आणि रोपं लावायची. मला तिथे बेडूक दिसतात. अंगठ्याच्या नखाएवढे, पिकल्या संत्र्याच्या रंगाचे. अख्ख्या मादागास्करमध्ये आमचा हा पट्टा सोडला तर कुठेच नाहीत. परदेशातले लोक ते काचेच्या पेटीत पाळतात. त्यांची हौस होते, आमचं मीठ-तेल सुटतं.

पण हे बेडूक देशाबाहेर न्यायला सरकारचा परवाना लागतो. काही काढले तरी मागे भरपूर उरतील अशी सरकारची खात्री पटली, तरच गावाला ते पकडू देतात. गेल्या वर्षी नाही म्हणाले. यंदाही नाही म्हणाले तर चर खणायचा, असं गावाच्या बैठकीत ठरलं. सोलोने लगेच कुदळीला नवा दांडा बसवला. एवढा उत्साह त्याने स्वतःच्या लग्नातही दाखवला नव्हता.

राजधानीहून मादाम लालाओ तपासणीला आल्या, तेव्हा पावसाने दडी मारली होती. पाऊस नसला की बेडूक पाचोळ्याखाली गप्प बसतात. मादाम बिचाऱ्या गुडघाभर चिखलात उतरल्या, पानं उलटून पाहिली, कान देऊन उभ्या राहिल्या. दुपार झाली तरी एक बेडूक दिसेना.

सोलो काठावर बसून उकडलेला कसावा खात होता. "ताई, कुदळ आणू का गं?"

"तू तोंड मिटून खा, मेल्या."

मादाम चिखलातून वर आल्या. "नुरूताई, वाईट वाटतं, पण इथे काही उरलेलं नाही. बंदीच्या काळात कुणीतरी चोरून काढले आणि विकले. बाहेरचा कोण येणार इथे? घरातलंच कुणीतरी असणार."

माझ्याआधी सोलोच उठला. हातातला कसावा खाली पडला.

"चोरून? मादाम, ही आमच्या बाबांची पाणथळ. ते त्या वरच्या थडग्यात आहेत. त्यांच्यादेखत आम्हाला चोर म्हणता?"

"मग बेडूक कुठे आहेत?"

"इथेच आहेत की! तुम्ही त्यांना बोलावलंत कुठे?"

तो पाण्यात उतरला, दोन गोटे उचलले आणि एकमेकांवर आपटले. टक टक टक. नराची हाक अशी काढायला बाबांनी आम्हा दोघांना शिकवलं होतं. मला कधी जमलं नाही. माझ्या टकटकीला बेडूक सोडा, कोंबडीही मान वळवत नाही. सकाळी हाक काढ म्हणून सोलोच्या फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं होतं, तर म्हणे, "विसरलो मी ते."

टक टक टक. काहीच नाही. पुन्हा एकदा.

मग नेच्यांच्या आडून एक उत्तर आलं. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून तो चिडला होता. त्याला ऐकून दुसरा चिडला, मग तिसरा, आणि बघता बघता सगळी पाणथळ भांडायला उठली. मादामच्या बुटापाशी एक सोनेरी ठिपका येऊन बसला. मी रडले. लाजायचं काय त्यात, रडलेच.

सोलो हातातल्या गोट्यांकडे बघत राहिला. आपण आपल्याच भातावर पाणी सोडलं, हे त्याला आत्ता कळलं.

मादाम हळूच म्हणाल्या, "आता मी हो म्हणून कळवू शकते. पण परवाना चालू राहायचा तर दरवर्षी बेडूक मोजायला आणि पाणथळ राखायला गावातला एक माणूस नेमावा लागतो. त्याला पगार असतो. कुणाचं नाव देऊ?"

"सोलोचं," मी म्हणाले.

"अगं, पण मी तर..." त्याने वर थडग्याकडे पाहिलं. मग गोटे खिशात टाकले.

"नुसतं सोलो लिहू नका, मादाम. राइनिबेचा मुलगा सोलो, असं लिहा. आणि चोर नाही, तेही लिहा."

मादामनी तेही लिहिलं.