सातवा प्रश्न

“दिवाकर काका, हे ‘वक्षस्थळ’ कोण बोलतं?” शिवांगीनं मला विचारलं आणि माझा कागद निशांतच्या तोंडासमोर धरला. “माझ्या आजीला विचारलं ना, तर म्हणेल, कुठलं स्टेशन आलं?”

निशांत हसला. मीही हसलो, पण कान गरम झाले. सोपा शब्द मला ठाऊक होता. तो लिहिण्याचा धीर झाला नव्हता.

ही मुलं आमच्या या हिंदी मुलखातल्या, सिमरोलकडच्या इंजिनीयरिंग कॉलेजातली. स्तनांच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरबाईंसाठी ती दर रविवारी छत्रीबागेतल्या एका हॉलमध्ये बसून माहिती गोळा करतात. गाठ हाताला लागल्यापासून डॉक्टरकडे जाईपर्यंत बायकांचे किती दिवस जातात, आणि का जातात. प्रश्न हिंदीत होते. मराठी घरांतल्या वयस्कर बायकांसाठी ते मराठीत करून हवे आहेत, असं वाचनालयाच्या फळ्यावर वाचलं आणि मी नाव दिलं. त्याच वाचनालयात मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. दुसरं काही मला येत नाही, आणि तेही नीट येत होतं का, याची शंकाच आहे.

“अरे भिया, याला पहले टेस्ट तर करू,” निशांत म्हणाला. “एक फॉर्म भरून बघू. काका, तुमच्या घरी कोणाला…”

शिवांगीनं त्याच्या पायावर पाय दिला. मी मान हलवली.

“माझी पत्नी. लीला. नऊ वर्षं झाली.”

“सॉरी काका. रहने दो मग.”

“नाही, भरा. नातेवाइकांसाठी वेगळं पान आहे ना.”

शिवांगी पेन उघडून समोर बसली. पहिले सहा प्रश्न सोपे होते. वय, शिक्षण, गाठ कुठल्या बाजूला. सातव्यावर मी फार मेहनत घेतली होती: ‘गाठ हाताला लागल्यावर त्यांनी सर्वांत आधी कोणाला सांगितले? त्या व्यक्तीने काय केले?’

याचं एकच उत्तर मी इतकी वर्षं देत आलो होतो. तिनं कोणालाच सांगितलं नाही. नातेवाइकांना हेच सांगितलं, डॉक्टरांना हेच, आणि अभिरामलाही हेच. अभिराम आमचा मुलगा. पुण्यात एकटा राहतो. दर रविवारी दुपारी वरणभाताचा कुकर लावतो आणि मला फोन करतो. तिसरी शिट्टी झाली की म्हणतो, “ठेवतो बाबा,” आणि गॅस बंद करायला जातो. आईवरचा त्याचा राग अजून गेलेला नाही. मागच्या श्राद्धाला जेवताना म्हणाला, “एक शब्द बोलली असती तर वाचली असती.” मी पानातली खीर बघत राहिलो.

“काका? लिहू, कोणालाच नाही?” शिवांगीनं विचारलं. “मॅक्सिमम सगळ्यांचं तेच असतं.”

तिनं पेन कागदावर टेकवलं. आता हे कागद कोणीतरी मोजणार होतं, आणि लीला गप्प बसलेल्या बायकांमध्ये मोजली जाणार होती. कायमची.

“मला सांगितलं होतं,” मी म्हणालो.

शिवांगीनं वर पाहिलं.

“ओट्याशी उभी होती. म्हणाली, इथे काहीतरी लागतंय हाताला. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाली, नाही. मी म्हणालो, मग काही नसेल.”

“काका, असं तर सगळेच…”

“आमच्या वाचनालयात बायकांच्या आजारांवरचं पुस्तक होतं. दुसऱ्या दिवशी मी ते कपाटातून काढलं. घरी न्यायचं तर कार्डावर माझं नाव लिहावं लागणार. तेवढ्यात एक बाई मासिक बदलायला आल्या. मी पुस्तक परत ठेवून दिलं. मग रोज त्या कपाटावरून जायचो. सात महिने. तिनं दोनदा विचारलं, पाहिलंत का हो पुस्तकात? मी म्हणालो, पाहिलं. काळजीचं काही नाही.”

निशांत उठून पाणी आणायला गेला. शिवांगी लिहीत राहिली, थोडं मराठीत, थोडं हिंदीत. मग हळू म्हणाली, “नाव नाही लिहीत आम्ही. सिर्फ नंबर. कोणाला कळणार नाही, काका.”

ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

“तो मघाचा कागद द्या,” मी म्हणालो. ‘वक्षस्थळ’ खोडून वर ‘स्तन’ लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. चपला काढतो न काढतो तोच फोन वाजला. तिकडे पहिली शिट्टी झाली.

“बाबा, जेवण झालं?”

“अजून नाही. अभि, आईनं सांगितलं होतं. मला.”

दुसरी शिट्टी झाली. मी सगळं सांगून टाकलं. पुस्तक, कार्ड, कपाट, आणि ती दोनदा विचारत होती ते. समोर छापलेलं असावं तसं, न थांबता.

तिसरी शिट्टी झाली. मी “ठेवतो बाबा”ची वाट पाहिली.

चौथी झाली. मग पाचवी. वरणाचा पार लगदा झाला असेल. तो गॅस बंद करत नव्हता, आणि फोनही ठेवत नव्हता. मी फोन कानाला धरून ओट्याशी उभा राहिलो.