माँ का राग

अपेक्षानं प्लास्टिकची खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि काळ्या मार्करनं फ्लेक्सवरच्या वीणेवर फुली मारली. फ्लेक्स गुळगुळीत, फुली नीट उमटेना, म्हणून तिनं दुसरी मारली. वीणेखाली गुलाबी अक्षरांत छापलं होतं : ‘माँ का राग. अपेक्षा उके की मीठी मराठी लोरी.’

“लोरी म्हणे! अंगाई!” ती दात-ओठ खात पुटपुटली.

“अरे अरे दीदी, ये क्या कर रही हैं?”

गजेंद्र धावत आला. बालाघाटच्या या कॅफेत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी कवितावाचन भरवायचं ते त्यानंच. एरवी कोचिंग क्लास चालवायचा, आणि सगळ्या जगाशी दहावी नापास पोराशी बोलावं तसं गोड समजुतीनं बोलायचा.

“मैंने आपको नाम भेजा था, ‘मायचा राग’,” अपेक्षा खुर्चीवरूनच म्हणाली. “मराठी में राग मतलब गुस्सा. गाना नहीं, लोरी नहीं. गुस्सा!”

गजेंद्र खो खो हसला.

“क्या बात है! हमारी तो दादी भी घर में मराठी बोलती थी, कभी बताया नहीं उसने.”

“दादी को कभी गुस्सा नहीं आया होगा.”

“छोड़िए ना दीदी, अब तो छप गया. और फैमिली वाले लोग आते हैं, संडे को गुस्सा कौन सुनेगा? थोड़ा मीठा रखिए. महेंद्र को ख़ास आपके लिए बुलाया है, पीछे बाँसुरी बजाएगा.”

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! अपेक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मार्कर तिथंच फेकून ती चालती झाली असती. पण शेवटच्या रांगेत, पंख्याखाली, तिची माय बसली होती.

मैनाबाई कटंगीपलीकडच्या आपल्या गावातून सकाळच्या बसनं आली होती. ही बाई लग्नकार्याला जायचं म्हटलं तरी दहा सबबी सांगायची. आठ दिवसांपूर्वी अपेक्षानं कार्यक्रमाच्या जाहिरातीचा फोटो तिच्या फोनवर पाठवला, तर पाच मिनिटांत तिचाच फोन आला.

“हे मधात चष्म्यावाले कोन हायेत वं?”

“पाहुणे हायेत माय. राजेंद्र ‘निर्मल’. रिटायर झालेले शिक्षक हायेत, हिंदीत कविता करतेत.”

मैनाबाईनं ते नाव पुन्हा एकदा सांगायला लावलं.

“येतो मी,” मैनाबाई म्हणाली.

अपेक्षा हरखून गेली होती. माय आपली कविता ऐकायला येणार! आणि आली ती मांडीवर फडक्यात बांधलेला मोठा स्टीलचा डबा घेऊन.

“काय आणलं वं माय?”

“राहू दे. हात नोको लावू.”

कविता मैनाबाईवरचीच होती. अकरा वर्षांपूर्वी गावच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधायचं काम तिला मिळालं. पहिल्या मंगळवारी तिनं खीर केली. बौद्ध बाईच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत, असं सांगत चार माणसं शाळेच्या फाटकावर येऊन उभी राहिली. बडे गुरुजी, म्हणजे शाळेचे हेडमास्तर, यांनी काय करावं? पोरांना समजवावं, त्या माणसांना दोन शब्द सुनवावेत? छे! त्यांनी मैनाबाईच्या हातातली पळी काढून घेतली, खिरीचं पातेलं, अख्खा गंज, शाळेमागच्या नालीत ओतायला लावला आणि म्हणाले, “तुम बर्तन देख लो.” तेव्हापासून ती बर्तनच देखत होती. दुसरीनं रांधायचं, हिनं घासायचं. गुरुजी रिटायर होऊन गावातून निघून गेले तरी तिचे हात राखेतच.

अपेक्षा तेव्हा शिकायला तिरोडीला मामाकडं होती. तिला हे कळलं तेही शेजारणीकडून, फार उशिरा. त्या गुरुजींचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, नावही घरात कुणी घेत नसे. माय रडली नाही, भांडली नाही, फक्त त्यानंतर घरात कधी खीर झाली नाही. आणि याचाच अपेक्षाला जास्त संताप यायचा. एवढं झालं तरी ही बाई गप्प काहून? मायला येत नसेल तर तिचा राग आपण करू, असं ठरवून तिनं ही कविता बारा वेळा लिहिली आणि बारा वेळा फाडली. तेराव्यांदा जमली. आता एकच पाहिजे होतं. मायसमोर, भरल्या खोलीत, कुणीतरी तो राग राग म्हणून ऐकावा.

कार्यक्रमात तिचं नाव पुकारलं तशी अपेक्षा उभी राहिली. महेंद्रनं बासरी ओठांना लावली. “नहीं चाहिए,” ती त्याच्याकडं वळून म्हणाली, तर त्यानं मान डोलवली आणि आणखी हळुवार सूर धरला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तिनं वही उघडली आणि होता तेवढा आवाज लावून वाचलं :

“मंगळवारची खीर
नालीत ओतली तुम्ही.
साखर वाहून गेली,
राग राह्यला मायच्या हाती.”

‘नाली’वर बासरीनं अशी काही गिरकी घेतली की तो शब्द ऐकूच गेला नाही. लोकांच्या कानांवर काय पडलं? खीर पडली, साखर पडली, माय पडली आणि शेवटी राग. सगळं कसं गोड गोड. माना डोलू लागल्या. कुणीतरी म्हणालं, “मीठी भाषा है यार.” पुढच्या ओळींचे तर नुसते सूरच झाले. दुसऱ्या रांगेतली खुशी नावाची कॉलेजातली पोरगी तेवढी टाळी न वाजवता बसली होती. तिच्या घरी मराठी असावी.

पहिल्या रांगेत, हातात चहाचा कागदी कप धरून बसलेले ‘निर्मल’जी गहिवरले.

“वाह बेटी, वाह! माँ, खीर, शक्कर. इसको कहते हैं ममता.”

“ममता नहीं है, सर. गुस्से की कविता है ये!”

सगळे हसले. गजेंद्रनं हसत हसत तिच्या हातातून माइक काढून घेतला.

“और दोस्तो, जिनका ये राग है, वो माताजी ख़ुद आई हैं! माताजी, आइए. दो लाइन गाकर सुना दीजिए.”

टाळ्या सुरू झाल्या. आता माय पदर तोंडाला लावून खाली बघत बसेल, आणि हे लोक त्याला लाजणं म्हणतील. अपेक्षाला शेवटच्या रांगेकडं बघवेना.

पण मैनाबाई उठली. डबा कडेवर घेतला, पिशवी खांद्याला अडकवली आणि खुर्च्यांच्या मधून चालत पुढं आली. गजेंद्रनं पुढं केलेल्या माइककडं तिनं बघितलंसुद्धा नाही. ती पहिल्या रांगेसमोर येऊन थांबली. रिकाम्या खुर्चीवर डबा ठेवून तिनं फडक्याची गाठ सोडली, झाकण काढलं. वेलदोड्याचा वास सुटला. मग तिनं पिशवीतून पळी काढली.

“मले गाता येत नाही,” ती म्हणाली. “आज मंगळवार नाही, बडे गुरुजी. पन खीर आनली. माह्याच हातची हाय.”

‘निर्मल’जी आधी हसले. मग त्यांनी डब्याकडं पाहिलं, पळीकडं पाहिलं, राखेनं भेगाळलेल्या त्या बोटांकडं पाहिलं. चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, बाकी सगळं उतरलं.

बडे गुरुजी! अपेक्षाच्या हातातली वही खाली पडली. माय कविता ऐकायला आलीच नव्हती.

“लीजिए ना सर!” गजेंद्र टाळ्या वाजवत म्हणाला. “माँ के हाथ की है!”

“हाँ सर, लीजिए, लीजिए!” मागून आवाज आले.

मैनाबाईनं पळी काठोकाठ भरली आणि त्यांच्या कपावर धरली. ‘निर्मल’जींनी दुसऱ्या हाताचा पंजा कपावर झाकला.

“शुगर है,” ते कसंबसं म्हणाले.

टाळ्या विरळ झाल्या. बासरी केव्हा थांबली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मैनाबाईचा हात तसाच होता, पळीतला एक थेंब सांडला नव्हता. अकरा वर्षं गंज उचलून उचलून मनगट तयार झालेलं.

अपेक्षा पुढं झाली. तिनं गजेंद्रच्या हातातून माइक घेतला आणि मायच्या तोंडासमोर धरला.

“हात काढा, गुरुजी,” मैनाबाई म्हणाली, आणि ते चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरांतून ऐकू आलं. “मी उभी हाओ.”