काशाचे वाळे

सासूबाई सुरतेला आल्या तेव्हा त्यांच्याआधी त्यांचे वाळे खोलीत शिरले. खण्ण, खण्ण. दोन्ही पायांत काशाचे, अंगठ्याएवढे जाड. नवरीच्या पायात चढवलेले ते पुढे कधी निघालेच नाहीत. पाय वाढले, वाळे तेवढेच राहिले.

आमचे हे, श्रीपत, दारातच पांढरे पडले.

"आई, लुगडं जरा खाली घे."

"का रे भो? मन्हा पाय काय चोरीना शेत?"

चोरीचे नव्हते, पण खोली चोरीचीच म्हणायची. उधना दरवाज्याच्या आतली ती खोली देताना घरमालकीण रेवाबेनने विचारलं होतं, "तमे केवा?" म्हणजे जात कोणती. हे म्हणाले, "मराठा." झालं, किल्ली मिळाली. बुद्धाची तसबीर तेव्हापासून पेटीत, साड्यांच्या घडीखाली. बिचारे एवढे शांत, की तिथेही तसेच बसून राहिले असतील.

रेवाबेनला वाळ्यांतलं काही कळलं नसतं. भीती होती ती भिंतीपलीकडच्या सुभद्राबाईंची. त्या धुळ्याकडच्या, आमच्याच मुलखातल्या. आमच्याकडे गावात चांदी पायात घालायची ती वरच्या आळीने. आमच्या वस्तीने कासं घालायचं. कुणी चांदी घातलीच तर पाटलाचा माणूस येऊन उतरवून न्यायचा. कोणत्या घरची बाई जाते आहे ते पाठमोरं नुसत्या आवाजावरून ओळखू यायचं. त्या आवाजाचा उपयोगच तो होता.

आणि मौज अशी, की हे काम करायचे जरीच्या कारखान्यात. दिवसभर चांदीची तार केसासारखी बारीक ओढायची. ती कुणाकुणाच्या पदरात जाऊन बसायची, आणि आई मात्र काशात.

"वाळे कापावे लागतील," हे म्हणाले.

सासूबाईंनी वाकून दोन्ही वाळ्यांवरून हात फिरवला. मला वाटलं, रडतील.

"काप," त्या म्हणाल्या. "पन मंग चांदीन्या साखळ्या लई दे मले. आठे कोन पाटील येस उतारी लेवाले?"

तोवर वाळ्यांना चिंध्या गुंडाळून ठेवल्या. रविवारी भर दुपारी हे कानस आणि करवतीचं पातं घेऊन बसले. वाळा आणि कातडी यांच्यामध्ये मोडक्या चमच्याचा दांडा सरकवला. आवाज झाकायला मी खलबत्ता काढला आणि मिरच्या कुटायला लागले.

"हळू रे! पाय शे तो, लाकूड नही!"

"हलू नको ना आई."

भिंतीपलीकडून सुभद्राबाई ओरडल्या, "काय वं आनंदी, आख्ख्या गल्लीचं तिखट करतेस का?"

"ऊन चांगलंय ना!" मी म्हटलं, आणि जोरात दणका दिला.

कासं वाकत नाही, तडकतं. दुसरा वाळा तुटताना काठ लागला आणि रक्त आलं. सासूबाई 'हाय' म्हणाल्या नाहीत. उठून चार पावलं चालल्या आणि भिंत धरून उभ्या राहिल्या. हलके झालेले पाय त्यांना पेलेनात.

वाळ्यांच्या जागी खोल खाच होती, आणि खाचेत हिरवट काळा रंग. मी चिंच लावली, राख लावली, वीट घासली. कातडी सोलवटली, रंग गेला नाही. त्यातल्या त्यात बारीक अशा चांदीच्या साखळ्या यांनी आणल्या. त्या खाचेवर बसायच्या आणि खाच दोन्ही बाजूंनी उरायची. सासूबाई लुगडं घोट्याखाली ओढून चालायच्या. पण दुपारी दार लावलं की पाय पसरून साखळ्या हलवायच्या.

"आवाज येत नाही फारसा," मी एकदा म्हटलं.

"तेच तर चांगलं शे," त्या म्हणाल्या.

चैत्रात त्यांचा दमा उसळला आणि त्यातच त्या गेल्या. सकाळ होती. माझं रडू ऐकून सुभद्राबाई धावत आल्या, मागोमाग गल्लीतल्या बायका. कुणाला बोलवावं लागलं नाही, आणि कुणाला अडवताही आलं नाही. पाणी तापलं, चादर आडवी धरली गेली. सुभद्राबाईंनी आपल्या हाताने सासूबाईंची वेणी सोडली, त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. माझी म्हातारी ती, म्हणाल्या, आणि खरंच रडल्या.

"अंगावरचं काढायला हवं गं. चांदी सोबत देत नाहीत."

"मी काढते," मी म्हटलं.

"तू बस. तुला सुधरत नाही."

त्यांनी एक साखळी काढली. दुसरी काढली. मग ओल्या हाताने घोटा चोळला. अंगठा खाचेत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी दुसरा पाय पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"कोनतं गाव सांगितलं व्हतंस तू?"

त्यांनी साखळ्या पाटावर ठेवल्या, हंड्यातलं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. म्हातारीला घालायचं ऊन पाणी. मग पदर सावरून निघून गेल्या. चादर धरणाऱ्या दोघींनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग चादर खाली ठेवली. आंघोळ मी एकटीने घातली.

हे दरवाज्याबाहेर उधन्याला गेले, रेल्वेलाइनजवळच्या आपल्या लोकांकडे, ज्यांच्या वस्तीवरून इतके दिवस मान खाली घालून जात होते. दुपारपर्यंत माणसं आली. त्यांच्यातल्या चंपाबाईने विचारलं, "तसबीर कुठंय?" मी पेटी उघडली.

अंगणात 'बुद्धं सरणं गच्छामि' सुरू झालं. रेवाबेन ओट्यावर उभी होती. आवाज संपेपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, "काले खोली खाली करजो." उद्या म्हणाली, आजच नाही, तेवढं तिचं मन.

उचलायच्या आधी मी साखळ्या पुन्हा सासूबाईंच्या पायात घातल्या. चंपाबाई म्हणाली, "अगं, चांदी आहे."

"हो," मी म्हटलं. "चांदीच आहे."

आणि लुगडं घोट्यावरून थोडं वर केलं.