सात गाठी, तीन चादरी

मी भिंतीवरची तबकडी बोलतेय. फणसाच्या लाकडाची, बशीएवढी. काठावर एक ते सात आकडे; मधली चकती फिरते आणि तिच्यावर तीन पितळी खिळे आहेत. पाहुणे मला बंद पडलेलं घड्याळ समजतात. वेळ विचारत नाहीत, एवढी माणुसकी दाखवतात.

माझा जन्म १९९८चा. मला घडवलं तहा मास्तरने. तो देवरूखला गणित शिकवायचा. त्याचा थोरला भाऊ मन्सूर मासेमारीच्या लाँचवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. लाँच चार-पाच दिवस समुद्रात, आणि मन्सूरची बायको हफीजा घरी एकटी. मुलगा कुवेतला, मुलगी सासरी. वायरलेसवर निरोप द्यावा, तर अख्खं बंदर ऐकतं आणि वर सल्लाही देतं. घर मात्र खाडीच्या तोंडाशी, टेकडीवर. मासे शोधत लाँच समोरून जाई, तेव्हा दुर्बिणीने अंगण दिसे.

तहाने अंगणातल्या दोरीला सात गाठी मारल्या. "भाभी, ही तबकडी फिरवायची. खिळे ज्या आकड्यांवर येतील, त्या गाठींवर पांढऱ्या चादरी घालायच्या. पहिला खिळा ज्या आकड्यावर, त्या आकड्याचा निरोप; असे सात होतात. बघणाऱ्याला वाटेल, धुणं वाळतंय."

"एक चादर वाऱ्याने गेली तर?" हफीजाने विचारलं.

"उरलेल्या दोन पुरतात. कुठल्याही दोन गाठी घ्या, ती जोडी एकाच निरोपात सापडते. खिळ्यांमधली अंतरं तशी निवडलीत. गणितात याला फरक-संच म्हणतात."

मन्सूरने जोरात मान डोलावली, म्हणजे त्याला कळलं नव्हतं.

निरोप ठरले. पहिला (गाठी एक, दोन, चार) 'सगळं ठीक', चौथा (चार, पाच, सात) 'पाहुणे आलेत', बाकीचे असेच संसाराचे. सातवा हफीजाने मागून घेतला: 'करमत नाही, या.'

मन्सूर हसला. "एवढ्यासाठी लाँच फिरवू? खलाशी मला समुद्रात टाकतील."

"नका फिरवू. नुसता असू दे."

माझी जुळी बहीण लाँचवर गेली, मी स्वयंपाकघरात राहिले. सहा निरोप दोरीवर वाळले. सातवा कधीच नाही. कधी दुपारी हफीजा मला सातवर आणायची, थोडा वेळ बघत राहायची आणि परत एकवर न्यायची.

२००२ साली एका सकाळी तिने मला सातवर आणलं आणि तशीच बाहेर गेली. सातवी, पहिली, तिसरी गाठ. चादरी घालून ती विहिरीवर गेली.

तेवढ्यात शेजारीण कमळा आली. दुसऱ्याच्या घरातलं वाकडंतिकडं तिला सोसत नाही. "शी! दोन इकडे, एक पार तिकडे. असं वाळत घालतात?" म्हणत तिने तिसऱ्या गाठीवरची चादर उचलून चौथीवर घातली. एक, चार, सात. मोजून सारखं अंतर.

हफीजा परतली तेव्हा लाँच समोरून निघून गेली होती.

"बघ गो, आता कसं शोभतं!" कमळा म्हणाली.

हफीजाने दोरीकडे पाहिलं आणि कळशी खाली ठेवली. मग म्हणाली, "ये गो, चहा घे."

मन्सूर ठरल्या दिवशीच आला. पाय धुता धुता म्हणाला, "चादरी कशा घातल्या होत्यास? असा निरोपच नाही. एक चादर चुकलेली, पण कुठली? पहिला म्हण, चौथा म्हण, सातवा म्हण, तिन्ही बसत होते."

"मग तुम्ही काय समजलात?"

"सगळं ठीक. दुसरं काय असणार?"

हफीजा माशाला मीठ लावत होती. तिच्या डोक्यावरच मी होते, खिळे सातवर. मन्सूरने मान वर केली असती तरी पुरे होतं.

"तेच होतं," ती म्हणाली. "बसा जेवायला."

पुढे मोबाइल आला. आता किनाऱ्याजवळ आला की मन्सूर विचारतो, "कसं काय?" ती सांगते, "सगळं ठीक." इतकं महागडं यंत्र, आणि निरोप एकच.

मला त्या सकाळनंतर कुणी फिरवलेलं नाही. हफीजा मला पुसते, पण चकतीला हात लावत नाही.

मन्सूर, निघताना पाणी प्यायला तू इथेच, माझ्यासमोर उभा राहतोस. पेला खाली ठेवलास की एकदा वर बघ. खिळे कुठल्या आकड्यांवर आहेत ते बघ. आणि आजचा दिवस जाऊ नकोस.